चांदगव्हाणचा माळ

“अहो, गुळाचा वास येतोय.”

डॉक्टरांनी मान वळवली नाही. विमानात आम्ही दोघं खांद्याला खांदा लावून बसलो होतो. कानांवर बोलायची-ऐकायची जाड टोपणं होती आणि पुढे इंजिनाची अखंड घरघर.

“खाली गुऱ्हाळ असेल,” ते म्हणाले.

“मे महिन्यात?”

मी पुन्हा वास घेतला. पाक कढईत जरा जास्त वेळ राहिला की येतो तसा, गोड आणि किंचित करपट. एवढ्या उंचावर खालच्या गुऱ्हाळाचा वास येत नाही, हे मलाही कळत होतं. तेवढ्यात पुढच्या काचेवर बारीक थेंब दिसायला लागले. आभाळ तर धुतल्यासारखं स्वच्छ होतं.

“पाऊस आहे का हो हा?”

डॉक्टरांनी समोरच्या एका तबकडीवर नखानं टकटक केलं. आतला काटा लाल खुणेकडे सरकत होता.

“पाऊस नाही,” ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला.

तेव्हा मी खरी घाबरले. आमचे हे जनावरांचे डॉक्टर. आयुष्यभर सरकारी दवाखान्यात गाई-म्हशी बघितल्या. एरवी त्यांचा आवाज चार घरं ऐकतील असा. पण एखाद्या गाईचं वासरू पोटात आडवं आलं की ते असे मऊ बोलायला लागायचे. गोठ्यातल्या माणसांना वाटायचं, डॉक्टर किती निवांत आहेत. मला माहीत होतं, तसं नसतं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. डॉक्टरांनी विमान उडवणं सोडलं, त्यालाही झाली. हे विमान त्यांनी घरी बांधलेलं होतं. निवृत्त झाल्यावर लोक नातवंडं खेळवतात किंवा देवदर्शनाला जातात. यांनी परदेशातून नकाशे मागवले, इंजिन मागवलं, आणि आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, जिथे पूर्वी तपासणीच्या लाकडी खोड्यात म्हशी उभ्या राहायच्या, तिथे सांगाडा जोडायला बसले. शेजारच्या गावात वायुदलातून निवृत्त झालेले जमदाडे म्हणून एक अभियंता होते. ते दर रविवारी यायचे, एकेक जोड तपासायचे, आणि आवडला नाही तर सरळ सोडवायला लावायचे. डॉक्टर चिडायचे, पण सोडवायचे.

पंखांना कापड लावायची वेळ आली तेव्हा डॉक्टर माझ्याकडे आले. मी शिवणाचे वर्ग चालवायची. तालुक्यातल्या निम्म्या नवरीमुलींच्या परकर-पोलक्यांना माझा हात लागलेला. आता हे मेणाचा दोरा आणि वीतभर लांब सुई घेऊन पुढ्यात उभे. पंखाच्या प्रत्येक फासळीला कापड टाचायचं, आणि गाठ अशी मारायची की एखादी सुटली तरी पुढची धरून राहील. मी आणि डॉक्टर पंखाच्या दोन बाजूंना बसायचो. मी सुई आत घालायची, त्यांनी पलीकडून ओढून परत माझ्याकडे पाठवायची. दोन पावसाळे आम्ही असे बसलो.

पण विमानात बसायचं मी कधी कबूल केलं नाही. कागदपत्रांचं सगळं होऊन विमान उडायला लागलं, कारखान्याच्या जुन्या धावपट्टीवर लोक जेवणाचे डबे घेऊन बघायला यायला लागले, तरी मी खालीच. डॉक्टर म्हणायचे, “अगं, पंख तू शिवलेस आणि तुलाच भरवसा नाही?”

मी म्हणायची, “पंख शिवून दिले. जीव शिवून दिलेला नाही.”

आणि त्या दिवशी सकाळी मी उठले तर ओट्यावर चहा तयार. डॉक्टरांनी केलेला. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. माझ्यासमोर कप ठेवून ते म्हणाले, “शालन, आज एकदा बस. एकदाच. पुन्हा कधी म्हणणार नाही.”

हा माणूस कधी कुणाकडे काही मागत नाही. वाढताना मीठ कमी पडलं तरी मागत नाही. मी चहा संपवला आणि म्हटलं, “कुठली साडी नेसू? वाऱ्यानं उडणार नाही ना?”

धावपट्टीवर जमदाडे होते. त्यांनी माझा पट्टा स्वतः आवळला आणि म्हणाले, “वहिनी, काही लागलं तर यांना सांगू नका, मला सांगा. खाली वायरलेस घेऊन बसलोय.”

खोटं कशाला सांगू, वर गेल्यावर मला फार छान वाटलं. खिडकीतून माझा पंख दिसत होता. टाके एका ओळीत, एकसारखे. उन्हात कापड ताणून बसलेलं. खाली उसाची रानं, कारखान्याचं धुराडं, माझ्या शिवणवर्गाचा लाल पत्रा. मी बोट दाखवून दाखवून बोलत होते. कारखान्याभोवती एक फेरी मारून उतरायचं असं ठरलं होतं. पण फेरी पुरी झाली आणि विमान उगवतीकडे वळलं.

“तिकडे कुठं?”

“जरा पाण्याकडून जाऊ. गार वाटतं.”

मी दाखवायला उचललेलं बोट खाली घेतलं.

उगवतीला धरण होतं. म्हणजे भिंत पार लांब, पण तिचं पाणी मागे मागे पसरत आमच्या भागापर्यंत आलेलं. उन्हाळ्यात ते मैलोन्‌मैल ओसरतं आणि तळ उघडा पडतो. त्या तळात माझं माहेर होतं. चांदगव्हाण. मी एकोणीस वर्षांची असताना ते पाण्याखाली गेलं. वडिलांनी घराच्या चौकटी, दारं, आढं सगळं काढून गाडीत भरलं. आईनं विहिरीला हळदकुंकू वाहिलं. त्याच वर्षी माझं लग्न झालं. पहिल्या दिवाळीला मी माहेरी गेले ती वरच्या माळरानावरच्या नव्या गावठाणात, पत्र्याच्या शेडमध्ये, जिथे सावलीला एक झाड नव्हतं. वडील त्या शेडच्या दारात बसून दिवसभर पाण्याकडे बघत राहायचे. दोन वर्षांत गेले. आईही फार राहिली नाही.

दर उन्हाळ्यात पाणी ओसरलं की गावचे लोक जुनं गाव बघायला जायचे. नारळ फोडायचे, पडक्या भिंतींशी उभं राहून फोटो काढायचे. मला निरोप यायचे. मी एकदाही गेले नाही. डॉक्टरांनी विचारलं की म्हणायची, “मेलेल्या माणसाचं तोंड पुन्हा उघडून बघतात का?” मग तेही विचारायचं थांबले.

म्हणून त्या दिवशी विमान पाण्याकडे वळल्यावर मी खिडकीतून बघणं सोडून मांडीवरच्या पदराकडे बघत बसले. आणि तेव्हाच तो गुळाचा वास आला.

“पाऊस नाही,” डॉक्टर मऊ आवाजात म्हणाले. “इंजिनाचं पाणी आहे. ते थंड ठेवायला असतं ना, ते. बाहेर जातंय. त्यात गोडसर रसायन असतं, त्याचाच तो वास.”

“मग?”

“मग इंजिन तापणार.”

त्यांनी विमान परत धावपट्टीच्या दिशेला वळवलं आणि इंजिनाचा जोर कमी केला. काटा काही मागे येईना. काचेच्या कडेनं वाफेची एक बारीक रेघ निघाली. घरघर बदलली. मधूनच एक ठसका बसल्यासारखं व्हायचं आणि माझ्या पायांखालची फळी थरथरायची.

“हो, हो बाई,” डॉक्टर इंजिनाला म्हणत होते. “थोडा दम धर. हो.”

मग त्यांनी वायरलेसवर सांगितलं, “जमदाडे, पाण्याचा पाइप गेलाय. पट्टीपर्यंत पोचत नाही. इंजिन बंद करतो, नाहीतर जाम होईल. धरणाच्या पोटात उतरतोय.”

जमदाड्यांचा आवाज आला, “ठीक. नाक खाली ठेवा. वेग सोडू नका. जागा एकदा धरली की बदलू नका. मी जीप काढतो.”

डॉक्टरांनी एक बटण खाली केलं. समोरचा पंखा दोन-तीनदा हिसके देऊन थांबला. आडवा, काठीसारखा. इतका वेळ तो फिरताना दिसतही नव्हता.

मला वाटलं होतं, इंजिन थांबलं की विमान दगडासारखं पडतं. ते पडलं नाही. फक्त आवाज गेला. वाळत घातलेल्या लुगड्यांतून वारा जातो तेवढाच आवाज राहिला. आम्ही उतारावरून गाडी सोडून दिल्यासारखे पुढे चाललो होतो, खाली खाली.

“पट्टा घट्ट आहे?” डॉक्टरांनी विचारलं.

“आहे.”

“ते पांढरं दिसतंय ना, सपाट? तिथं टेकवतो.”

आता बघावंच लागलं. खाली तळ उघडा पडला होता. राखाडी, तपकिरी, मध्ये मध्ये पाण्याची डबकी. आमच्या जवळच, जरा उजवीकडे, एक मोठं पांढरं मैदान होतं. अंगण सारवून ठेवावं इतकं गुळगुळीत. मला त्यातलं काही ओळखीचं वाटेना. गाव मी कधी वरून बघितलं नव्हतं. मग एक काळा ठिपका दिसला. देवळाचं शिखर. नाथाचं देऊळ. आणि तो ठिपका सापडल्याबरोबर सगळं आपोआप उलगडत गेलं. देवळापुढून गेलेली गाडीवाट. तिच्या कडेची घरांची जोती, खोडरबरानं अर्धवट पुसल्यासारखी. विहिरीचं गोल तोंड. आणि देवळाच्या उगवतीला, ओढा.

“तिथं नको!” मी ओरडले.

“का?”

“ओढ्याचं पोट आहे ते. आधीच तिथं गुडघ्याएवढा चिखल असायचा, आता तर किती वर्षांचा गाळ साठलाय. वर नुसती खपली आहे. चाक रुतलं की उलटेपालटे होऊ.”

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. सगळ्या उड्डाणात पहिल्यांदाच.

“मग कुठं? लवकर बोल.”

“देवळाच्या मावळतीला. तो तांबूस पट्टा दिसतोय? माळ आहे. मुरूम आहे खाली. चैत्रात तिथं बैलगाड्यांच्या शर्यती व्हायच्या.”

“लांब आहे.”

“असू दे. तिथंच चला.”

त्यांनी क्षणभर ओठ आवळले. मग विमान डावीकडे कललं. पांढरं मैदान माझ्या खिडकीखालून निघून गेलं. जमीन भराभर वर येत होती. आता मला जोत्यांचे दगड वेगवेगळे दिसत होते.

“माळावर काही अडचण?” ते म्हणाले. “झाड, खड्डा?”

“अलीकडच्या टोकाला विहीर आहे. तिच्या अलीकडे टेकू नका. तिच्या पलीकडे सगळं सरळ आहे.”

“विहिरीच्या पलीकडे,” ते स्वतःशीच म्हणाले.

देवळाच्या शिखरावरून आम्ही इतके खालून गेलो की तिथे पंख वाळवत बसलेला पाणकावळा दचकून उडाला. विहिरीचं तोंड पुढून आलं, काळंभोर, आणि पोटाखालून गेलं. डॉक्टरांनी दांडी हळूच मागे ओढली. मी डोळे मिटले नाहीत. का कोण जाणे, मला ते सगळं बघायचं होतं.

चाकं टेकली, उचलली, पुन्हा टेकली. दात एकमेकांवर आपटले. धुळीचा लोट उठला आणि खडखडाट करत आम्ही त्या माळावरून धावत सुटलो. खरोखर शर्यतीतल्या गाडीसारखे. मग वेग कमी होत होत एक हलका झोका बसला आणि विमान थांबलं.

डॉक्टरांचे दोन्ही हात अजून दांडीवर होते.

“लागलं?” शेवटी त्यांनी विचारलं.

“नाही. तुम्हाला?”

“नाही.”

मी खाली बघितलं तर त्यांच्या शर्टाची बाही माझ्या मुठीत होती आणि खांद्याजवळची शिवण पूर्ण उसवली होती. ती मीच घातलेली होती.

वायरलेसवर जमदाडे पुन्हा पुन्हा हाका मारत होते. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, “उतरलो. दोघं धड आहोत. विमानही.” पलीकडे थोडा वेळ नुसती खरखर आली. मग जमदाडे म्हणाले, “वहिनींना पाणी द्या.”

दार उघडून मी पाय खाली ठेवला. पायाखाली शिंपले कुडकुड वाजले. माळावर सगळीकडे शिंपले होते. वास मात्र मातीचा होता, वाळलेल्या गाळाचा, आणि त्याच्यामागे अगदी थोडा, शेळ्यांचा. कारण शेळ्या येतच होत्या. वीस-पंचवीस शेळ्या आणि त्यांच्यामागे काठी घेऊन एक बाई. ती विमानाकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. जवळ येऊन तिनं डोळ्यांवर हाताची सावली धरली.

“गार्ड्यांची शालन न्हवं का तू?”

मला तिचा चेहरा ओळखू येईना. पण वरच्या दातांमधली ती फट! चौथीपर्यंत आम्ही एका पाटावर बसलो होतो.

“अनसूया?”

“आगं व्हय!” तिनं काठी टाकली आणि माझे दोन्ही दंड धरले. “आगं, म्हायेरी यायचं तर एस.टी.नं यायचं की!”

आणि मग मला जे हसू सुटलं ते थांबेना. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तेही थांबेना. अनसूया माझ्या पाठीवरून हात फिरवत होती आणि डॉक्टरांना सांगत होती, “असू द्या. भ्यालीय ती. आपसूक थांबंल.”

अनसूयाला गावातच दिलेली होती. पाणी ओसरलं की ती आणि तिचा नवरा गेनबा तळात येऊन राहायचे. ओल्या गाळात कलिंगडं लावायची, शेळ्या चारायच्या, पाणी चढायला लागलं की वर निघून जायचं. तिची खोप देवळाच्या मागे होती. डॉक्टर म्हणाले, “तू जा हिच्याबरोबर. मी इंजिन बघतो.” पण इंजिनाचं झाकण न उघडता ते त्याच्यावर दोन्ही हात दाबून उभे राहिले. मी गेले.

अनसूया मला घेऊन गाडीवाटेनं चालली. बोलतच होती. हे कुंभाराचं, हे तुमच्या चुलत्याचं, हितं शाळा, हितं आपुन चिंचा पाडत हुतो. मी नुसती मान हलवत होते. मग एका जोत्याशी ती थांबली.

आमचं घर. तीन पायऱ्या शाबूत होत्या. वडिलांनी चौकट काढून नेलेली, त्या जागी दोन दगडांमध्ये फट होती. मला वाटलं होतं, इथे उभी राहिले तर माझं काही खरं नाही. पण तसलं काही झालं नाही. मी पायरीवर बसले. दगड उन्हानं तापले होते. आई जिथे जातं मांडायची त्या कोपऱ्यात अनसूयाच्या कलिंगडाचा एक वेल चढला होता आणि त्याला मुठीएवढं फळ लागलं होतं.

“ह्यो तुज्या घरात आपसूकच उगवलाय,” अनसूया जरा ओशाळून म्हणाली. “म्या लावला न्हाई.”

“असू दे गं,” मी म्हटलं. “घर रिकामं नाही, बरं आहे.”

दुपारी खोपीत आम्ही जेवलो. भाकरी, कांदा, आणि गेनबानं सकाळी धरलेल्या माशांचं कालवण. जमदाडे जीप घेऊन येऊन पोचले होते. त्यांनी इंजिन उघडून बघितलं होतं, कळवायचं त्यांना कळवलं होतं, आणि आता डॉक्टरांच्या शेजारी बसून भाकरी कुस्करत होते. पाइपच्या तोंडाशी आवळलेली पट्टी तुटली होती. चांगल्या बनावटीची, नवीनच होती, पण एका जागी धातूच कच्चा निघाला. पाइप निसटला आणि पाणी गेलं. इंजिन वेळेत बंद केलं म्हणून वाचलं.

गेनबा उशिरानं आला. जाळं खांद्यावरून उतरवून त्यानं डॉक्टरांना रामराम घातला आणि म्हणाला, “मग डागदर, कवा लावताय क्याम्प?”

“कसला कॅम्प?” मी विचारलं.

डॉक्टर एकदम कालवणातले काटे काढायला लागले.

“आवं, जनावरांचा,” गेनबा म्हणाला. “गेल्या पंधरवड्यात दोन-तीनदा आलं की डागदर. मोटारसायकल देवळापशी लावायची आन् दिसभर माळावरचं धोंडं येचायचं. म्या म्हनलं, एवढं साफ करत्यात म्हंजी मोठा क्याम्प आसनार.”

जमदाड्यांनी ताट उचललं आणि हात धुवायच्या निमित्तानं बाहेर गेले. अनसूयाही गेनबाला घेऊन निघाली.

मी डॉक्टरांकडे बघत बसले.

“म्हणजे तुम्ही मला इथं आणणारच होतात.”

“हो,” ते म्हणाले. “पण इंजिन चालू ठेवून.”

“न विचारता?”

“विचारलं असतं तर आली असतीस?”

“नाही.”

“म्हणून नाही विचारलं.”

मला राग आला होता, तो कुठे ठेवावा कळत नव्हतं. “आणि माळ तुम्हाला माहीत होता, धोंडे वेचून ठेवले होते, तर त्या गाळाकडे का निघाला होतात?”

त्यांनी हातातली भाकरी ताटात ठेवली. मग म्हणाले, “घाबरलो होतो शालन. पंखा थांबला आणि माझ्या डोक्यातून सगळं गेलं. माळ, धोंडे, सगळं. जवळचं सपाट दिसलं, तिकडे निघालो. तू ओरडली नसतीस तर आपण आत्ता त्या खपलीखाली असतो.”

बाहेर शेळ्या ओरडत होत्या. मी विचारलं, “पण कशासाठी? इतकी वर्षं मी येत नव्हते, ते चाललं होतं ना?”

डॉक्टरांनी ताट बाजूला सरकवलं. त्यांना असलं बोलायची सवय नव्हती. जनावराच्या पोटात हात घालून चाचपावं तसे ते शब्द शोधत होते.

“माझ्या दवाखान्यातल्या सगळ्यांच्या बायका कधी ना कधी भांडून माहेरी गेल्या,” ते म्हणाले. “कुणाची आठ दिवस, कुणाची महिनाभर. मी सगळ्यांना सांगायचो, आमची शालन कधी गेली नाही. फार समजूतदार आहे. अभिमानानं सांगायचो. मग निवृत्त झाल्यावर, आपण ते पंख शिवायला बसायचो ना, तेव्हा एक दिवस तुझ्याकडे बघता बघता लक्षात आलं.” ते थांबले. “भांडून जायला तुला जागाच नव्हती.”

त्यांची उसवलेली बाही खांद्यावरून लोंबत होती, ती मी वर सरळ केली.

विमानाची परवानगी आणि नव्या पट्ट्या यायला तीन दिवस लागले. डॉक्टर म्हणाले, तू जीपनं घरी जा. मी गेले नाही. अनसूयाच्या खोपीत राहिले. पहाटे उठून तिच्याबरोबर विहिरीवर गेले, शेळ्यांमागे फिरले, माझ्या घराच्या पायरीवर बसून डॉक्टरांची बाही शिवली. नव्या गावठाणातून लोक येऊ लागले, विमान बघायला म्हणून, पण येणारी प्रत्येक म्हातारी आधी माझ्याकडे यायची आणि तोंडावरून हात फिरवून विचारायची, “किती दिसांनी आलीस गं पोरी?” चोपन्न वर्षांच्या बाईला पोरी म्हणणारी माणसं जगात किती उरलेली असतात?

तिसऱ्या दिवशी जमदाड्यांनी सगळं पुन्हा तपासलं. एक पट्टी होती तिथे दोन आवळल्या. डॉक्टरांनी एकट्यानं वर जाऊन देवळाभोवती एक चक्कर मारली आणि नीट उतरले. काटा जागचा हलला नव्हता. जमदाडे मला म्हणाले, “वहिनी, जीप उभी आहे. जबरदस्ती नाही.”

“मी यांच्याबरोबर जाते,” मी म्हटलं.

मी निघाले तशी अनसूया धावत आली. लेक माहेराहून रिकाम्या ओटीनं जात नाही. तिच्याकडे खण नव्हता, नारळ नव्हता. तिनं ओंजळभर ज्वारी माझ्या पदरात घातली, कपाळाला कुंकू लावलं, आणि वर एक कलिंगड ठेवलं. एवढं मोठं की मला दोन्ही हातांनी सावरावं लागलं. आजूबाजूच्या बायका म्हणाल्या, “पुढल्या साली ये गं.” मी म्हटलं, “येते.”

विमानाशी डॉक्टर उभे होते. त्यांनी माझ्या पदराकडे बघितलं, मग माळाच्या दुसऱ्या टोकाकडे बघितलं, आणि मनातल्या मनात काही हिशेब केला.

“शालन, हे कलिंगड नको. माळ आखूड आहे. वजन जास्त होईल.”

मी आत बसले. कलिंगड मांडीवर घेतलं आणि पट्टा त्याच्यावरून आवळला.

“मग तुम्ही बसू नका,” मी म्हटलं. “मला काही घाई नाही. मी माहेरी आहे.”

जमदाडे पाठ फिरवून हसायला लागले. डॉक्टरांनी सीटमागची हत्यारांची जड पेटी काढली, जीपमध्ये नेऊन ठेवली, पायांतले बूट काढून तेही तिच्यावर ठेवले, आणि अनवाणी येऊन माझ्या शेजारी बसले.